किम न्यूमन: सिनेमावरची पुस्तकं वाचली, आता कादंबरीत अडकलोय

रात्रपाळी

नमस्कार मंडळी.

मी रात्री ११ ते सकाळी ७ सर्व्हरवर लक्ष ठेवतो. काही बिघडलं नाही तर काम एवढंच, की झोपायचं नाही. त्यामुळे वाचन चिक्कार होतं, आणि नेमकं त्या वेळात होतं जेव्हा भयकथा वाचू नकोस असं घरचे सांगतात. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी याच खुर्चीत बसून संपवले.

मध्यंतरी एका सहकाऱ्याने नोकरी सोडताना ड्रॉवरमधली पुस्तकं वाटून टाकली. माझ्या वाट्याला किम न्यूमनचं 'नाइटमेअर मूव्हीज' आलं. (नावावरून ही बाई असावी असं मला निम्म्या पुस्तकापर्यंत वाटत होतं. बुवा निघाला.) भयपटांचा इतिहास म्हणून उघडलं आणि कादंबरीसारखं वाचलं. १९६८ च्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'चं बोट धरून हा माणूस जो सुटतो तो थांबत नाही. चांगले, टुकार, महाटुकार, ज्यांची नावंही ऐकली नसतील असे सिनेमे. टुकाराला टुकार म्हणतानाही त्याने तो शेवटच्या रिळापर्यंत पाहिलाय, हे जाणवत राहतं. बघायच्या सिनेमांची यादी करत गेलो, ती ६३ वर पोचली.

मग कळलं की हाच माणूस भयकादंबऱ्याही लिहितो. लगेच 'अ‍ॅनो ड्रॅक्युला' मिळवली. आणि ४० व्या पानावर गाडी रुतली. दर परिच्छेदात नवीन नाव. हा कोण, खरा होता की काल्पनिक, कुठल्या सिनेमातला? प्रत्येक नावाला मोबाइल उघडतो, अर्धा तास तिकडेच जातो, परत येईपर्यंत गोष्ट कुठे होती ते विसरलेलं असतं. आठ रात्रींत ४० पानं. धारपांची अख्खी कादंबरी मी दीड रात्रीत संपवतो.

तर प्रश्न असा: हे वाचायला आधी ते सगळे सिनेमे बघितलेले असावे लागतात का? की माझ्यासारख्याने त्याची सिनेमावरचीच पुस्तकं वाचावीत आणि कादंबऱ्यांच्या वाटेला जाऊ नये? ज्यांनी दोन्ही वाचलंय त्यांनी सांगा.

घुबड

अहो, सोडू नका! मालिका अशी आहे: 'अ‍ॅनो ड्रॅक्युला' (१९९२), मग 'द ब्लडी रेड बॅरन' (१९९५), 'ड्रॅक्युला चा चा चा' (१९९८), 'जॉनी अल्युकार्ड' (२०१३). पुढेही आहेत, त्या टोकियोत घडतात. पहिलीत १८८८ चं लंडन, दुसरीत पहिलं महायुद्ध, तिसरीत १९५९ चं रोम. क्रमानेच वाचा.

आणि नायिका जनेव्हिएव आवडली तर जॅक योविल हे नाव शोधा. न्यूमनचंच टोपणनाव. 'वॉरहॅमर' या खेळाच्या जगातल्या कादंबऱ्या तो त्या नावाने लिहायचा. ही बाई तिथे आधी अवतरली, मग वेगळं रूप घेऊन इकडे आली. घाईत आहे, सविस्तर नंतर.

(नंतर म्हणजे कधी ते विचारू नका.)

तळटीप

रात्रपाळी, ४० व्या पानावर अडकण्यात तुमची चूक नाही. मीही साधारण तिथेच अडकले होते, आणि माझा तर धंदाच नावं शोधण्याचा आहे. मी पुस्तकांच्या सूची करते. शेवटच्या पानांवर बारीक टायपात व्यक्तींची नावं आणि पुढे पृष्ठांक असतात ना, ते कुणीतरी बसून केलेलं काम असतं. इतिहास, चरित्रं, कायदा, काय येईल ते. कादंबरीला सूची नसते, म्हणून कादंबरी ही माझी सुट्टी.

'अ‍ॅनो ड्रॅक्युला'ने माझी सुट्टी खाल्ली. तिसऱ्या प्रकरणात हात शिवशिवायला लागले. शेवटी एक वही घेतली, चार रकाने आखले. इतिहासातली माणसं, दुसऱ्यांच्या पुस्तकांतली, सिनेमातली, आणि न्यूमनची स्वतःची. तुम्ही मोबाइलवर करताय तेच, फक्त पेन्सिलीने. ११२ नावं झाली तेव्हा वही बंद केली. कशामुळे केली ते सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

सुरुवातीलाच एका मुलीचा खून होतो. नाव लुलू शोन. मी वहीत चौथ्या रकान्यात घातली, न्यूमनची स्वतःची, कारण पान उलटायच्या आत ती मेलेली. १८८८ च्या लंडनमध्ये व्हाइटचॅपल भागात बायकांना मारत सुटलेला तो खुनी तुम्हाला ठाऊक असेलच, जॅक द रिपर. इथे त्याच्या बळी पडतात त्या रक्तपिपासू झालेल्या वेश्या, आणि लुलू त्यांतली एक. मी पुढे गेले. बऱ्याच दिवसांनी एक मूकपट पाहत होते, १९२९ चा 'पँडोराज बॉक्स', लुईझ ब्रुक्सचा. नायिकेचं नाव लुलू. लग्न होतं ते शोन नावाच्या गृहस्थाशी. आणि सिनेमाच्या शेवटी लंडनच्या एका माळ्यावरच्या खोलीत तिला मारतो कोण, तर जॅक द रिपर. सिनेमा ज्या नाटकावरून घेतला त्या वेडेकिंडच्या जर्मन नाटकातही तसंच आहे.

म्हणजे ती बिचारी तिसऱ्यांदा मरत होती आणि मी तिला 'किरकोळ' म्हणून टाकून दिली होती.

आता गंमत बघा. पहिल्यांदा वाचताना मला यातलं काहीही माहीत नव्हतं, तरी तो खून अंगावर आला होता. कारण तो सांगतोय खुद्द खुनी, आपल्या डायरीत, फोनोग्राफवर बोलून, आणि त्याच्या आवाजात क्रौर्य नाही, थकवा आहे. चांगला माणूस आहे तो. डॉक्टर आहे. (कोण ते पहिल्या प्रकरणातच कळतं, पण मी सांगत नाही.) लुलूचं कूळ कळल्यावर प्रसंग जास्त भयंकर झाला नाही, जास्त उदास झाला. ही जादा मिळकत. ती न मिळाल्याने मूळ मुदलात काही कमी पडत नाही.

म्हणून सिनेमे बघायची गरज नाही, एकही. एक पुस्तक मात्र आधी वाचाच: ब्रॅम स्टोकरचं 'ड्रॅक्युला', १८९७ चं. कारण न्यूमनचा सगळा डोलारा त्यातल्या एका रात्रीवर उभा आहे. मीना या नायिकेच्या खोलीचं दार फोडून ड्रॅक्युलाच्या मागावर असलेले व्हॅन हेल्सिंग आणि मंडळी आत घुसतात आणि ड्रॅक्युलाला पिटाळून लावतात, ती रात्र. न्यूमन विचारतो, ती मंडळी त्या रात्री हरली असती तर? मग व्हॅन हेल्सिंगचं मुंडकं राजवाड्यासमोर भाल्यावर टांगलेलं, ड्रॅक्युलाने विधवा व्हिक्टोरिया राणीशी लग्न लावलेलं, आणि इंग्लंडात प्रतिष्ठित घरांतली माणसं रांगा लावून रक्तपिपासू व्हायला निघालेली. शेरलॉक होम्स छळछावणीत. आणि मौज म्हणजे स्टोकरही तिथेच.

ही कल्पना कुठून आली ते मला फार आवडतं, माझं इथलं नाव बघता का ते कळेल. ससेक्स विद्यापीठात शिकताना न्यूमनने एक निबंध लिहिला होता. त्यात स्टोकरच्या काळातल्या 'परकं सैन्य इंग्लंडवर चालून येतं' छापाच्या कादंबऱ्यांची चर्चा होती. त्या वर्षांत अशा गोष्टींचं पेवच फुटलं होतं. कधी जर्मन चालून येतात, कधी मंगळावरचे. त्या निबंधात त्याने एक तळटीप टाकली, की ड्रॅक्युलाचं लंडनला येणं म्हणजे एकट्या माणसाने केलेलं आक्रमणच आहे. निबंध संपला, तळटीप डोक्यात राहिली. आधी तिची एक दीर्घकथा झाली, मग १९९२ मध्ये ही कादंबरी.

आता 'नाइटमेअर मूव्हीज' आठवा. तुम्ही म्हणालात, कादंबरीसारखं वाचलं. बरोबर. हा माणूस दोन वेगळ्या खात्यांवर काम करत नाहीये. समीक्षा करतानाही त्याला 'मग पुढे काय झालं असतं' ही खाज असते, आणि कादंबरी लिहिताना तो वाद घालत असतो. एकच उदाहरण देते. सिनेमे पाहणाऱ्याला एक कटकट कायम छळते: रक्तपिपासूंचे नियम सिनेमागणिक बदलतात. स्टोकरच्या पुस्तकात ड्रॅक्युला भर दिवसा लंडनच्या रस्त्यावर फिरतो, त्याची शक्ती तेवढी कमी होते. उन्हात विरघळून मरायचं हे १९२२ च्या 'नोस्फेराटू' या जर्मन मूकपटाने आणलं, आणि नंतर सगळ्यांनी ते जणू वेदवाक्य म्हणून धरलं. हाँगकाँगच्या सिनेमांत तर हात पुढे ताणून टुणटुण उड्या मारत येणारे रक्तपिपासू असतात. दुसरा कुणी लेखक यांतला एक नियम निवडून मोकळा झाला असता. न्यूमन सगळे ठेवतो. तो म्हणतो, घराणी वेगळी असतात. ज्याने तुम्हाला बाटवलं त्याच्या रक्ताचे गुण आणि खोडी तुमच्यात येतात. नवखे उन्हात भाजतात, मुरलेले फिरू शकतात. आणि ड्रॅक्युलाचं रक्तच नासकं, त्यामुळे त्याच्या घराण्यातून जे निपजतंय ते सडकं. उड्या मारणारा चिनी म्हातारासुद्धा येतो आणि, सांगते ना, हसू येत नाही. ही समीक्षाच झाली. फक्त तिला पाय फुटलेत.

भीती मात्र मला वेगळ्याच गोष्टीची वाटली. यातलं इंग्लंड हादरत नाही. ते जुळवून घेतं. कारकुनाला बढती हवी असते, मुलीला चांगलं स्थळ हवं असतं, आणि दोन्हीसाठी मरून परत येणं हा सोयीचा मार्ग होऊन बसतो. पंतप्रधान लॉर्ड रुथवेन आहे, १८१९ च्या पॉलिडोरीच्या गोष्टीतला, इंग्रजी कथेतला पहिला खानदानी रक्तपिपासू म्हणतात तो. अगदी गुळगुळीत बोलतो. त्याचे प्रवेश वाचताना मला दरवेळी कुठल्यातरी सभेत बसल्यासारखं वाटलं.

एक अवांतर. जिवंत माणसांना यात 'वॉर्म' म्हणतात. मी मनातल्या मनात मराठी करत वाचते, ही जुनी सवय. 'उबदार' म्हटलं की शाल डोळ्यासमोर येते. 'कोमट' म्हटलं तर रक्तपिपासूंच्या तोंडी ते इतकं चपखल बसलं, की मी पुस्तकभर कोमट हाच शब्द वापरला. "तो अजून कोमटच आहे का?"

तर मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा आणि पहिल्या पानापासून पुन्हा सुरू करा. नावांकडे लग्नाच्या हॉलमधल्या गर्दीसारखं बघा. नवरा-नवरी ओळखता आली की पुरे. इथे ती दोन म्हणजे जनेव्हिएव आणि चार्ल्स बोरगार्ड.

शंकेखोर

तळटीप यांचा प्रतिसाद नेहमीप्रमाणे सुरेख, पण माझं मत उलटं आहे आणि लग्नाचा दाखला त्यांनीच दिलाय तर तोच घेतो. न्यूमन वाचणं म्हणजे लग्नात एखाद्या आत्याच्या तावडीत सापडणं. "हा ओळखलास का? आणि ही? अरे, ही नाही का त्यांची..." जेवायला कधी बसायचं?

मला भयकादंबरीकडून भय हवं. एक वाडा, एक कंदील, वरच्या मजल्यावर कुणी नसताना पावलांचा आवाज. धारपांनी एवढ्या भांडवलावर झोप उडवली. स्टीफन किंगनेही १९८१ मध्ये 'डान्स मकाब्र' लिहिलं, त्यात सिनेमा, रेडिओ, टीव्ही सगळं आलं. पण ते लिहून तो आपल्या गोष्टींकडे परत गेला. गोष्टीत बसून सिनेमाची प्रश्नमंजूषा घेत बसला नाही. न्यूमनचं सिनेमावरचं लेखन मी आवडीने वाचतो. 'एम्पायर' मासिकातलं त्याचं 'व्हिडिओ डंजन' सदर, ज्याचं २०१७ मध्ये जाडजूड पुस्तक झालं, ते तर उशाशी असतं. कुणीही बघणार नाही असे सिनेमे हा माणूस आपल्यासाठी बघतो, हे त्याचे उपकारच. पण कादंबऱ्या? मी 'जॉनी अल्युकार्ड'पर्यंत रेटल्या आणि तिथे दम सोडला.

ते नावसुद्धा बघा. ड्रॅक्युलाची अक्षरं इंग्रजीत उलटी लिहिली की अल्युकार्ड होतं. १९४३ च्या 'सन ऑफ ड्रॅक्युला'पासूनची ही युक्ती. देवनागरीत उलटं करून बघा. लाक्युड्रॅ. एवढ्यानेच मोहिनी उतरते.

तळटीप

शंकेखोर, लाक्युड्रॅ वाचून चहा सांडला.

'जॉनी अल्युकार्ड'बद्दल अर्धी कबुली देते. ती सलग कादंबरी म्हणून रचलेली नाही, आधी सुट्या छापलेल्या दीर्घकथा त्यात ओवल्यात, आणि शिवण दिसते. पण तिची पहिली कथा तेवढी वेगळी काढून वाचाच. तिच्यात दिग्दर्शक कपोला 'अपोकॅलिप्स नाऊ' हा व्हिएतनामवरचा सिनेमा काढायच्या ऐवजी रोमानियात जाऊन 'ड्रॅक्युला' काढतोय. 'अपोकॅलिप्स नाऊ'च्या चित्रीकरणात खरोखर जे जे झालं, फिलिपिन्समधलं वादळ, नायकाला आलेला हृदयविकाराचा झटका, सरकारकडून आणलेली लष्करी हेलिकॉप्टरं, ते माहीत असेल तर प्रत्येक पानाला गुदगुल्या होतात. माहीत नसेल तर? तर एका सिनेमाच्या तांड्यामागे फिरणाऱ्या केट रीड या चश्मेवाल्या बातमीदारणीची गोष्ट उरते, आणि हुकूमशहा चाउशेस्कूचा रोमानिया उरतो. मला तेवढं पुरलं असतं.

केट रीडबद्दल सांगायचं राहिलंच. ती कुणाची ठाऊक आहे? स्टोकरचीच. 'ड्रॅक्युला' लिहिण्याआधीच्या त्याच्या टिपणांत हे नाव आहे, मीनाची मैत्रीण म्हणून. पुस्तक लिहिताना त्याने तिला काढून टाकलं. शंभर वर्षांनी न्यूमनने त्या कागदातून उचलून तिला नोकरी दिली, वर्तमानपत्रात. चार कादंबऱ्या ती बाई इमानाने राबते. तुम्ही याला प्रश्नमंजूषा म्हणता. मला तर ते, काय म्हणू, कुणाच्या तरी फेकलेल्या फुलदाणीत पाणी भरून ठेवण्यासारखं वाटतं.

नावं लपवण्यातही त्याची एक रीत आहे. ज्यांचे हक्क संपलेत ती पात्रं पूर्ण नावानिशी येतात. ज्यांचे शाबूत आहेत ती अर्ध्या नावाने, किंवा नाव न घेता, नुसत्या टोपीवरून. रोमच्या पुस्तकात एक ब्रिटिश हेर येतो, हेमिश बाँड. हेमिश म्हणजे जेम्सचंच स्कॉटिश रूप. वकिलाने काय म्हणायचं? आणि झोंबी मुळात आज सगळीकडे का दिसतात, तर दिग्दर्शक रोमेरोच्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' या १९६८ च्या सिनेमाचं नाव ऐनवेळी बदललं, आणि त्या बदललेल्या पट्टीबरोबर हक्काची ओळच गळून पडली. त्यामुळे तो सिनेमा पहिल्या दिवसापासून सार्वजनिक. भयाच्या दुनियेत कोण कुणाचं काय उचलू शकतो हा प्रश्न कलेइतकाच कोर्टाचाही आहे, आणि न्यूमनला ते पक्कं माहीत असतं.

आता तुमचा खरा मुद्दा, भय. तुमच्या वाडा-कंदिलासाठी त्याचं 'अ‍ॅन इंग्लिश घोस्ट स्टोरी' आहे, २०१४ चं. चौकोनी कुटुंब, आपसांत धुसफूस, शहर सोडून सॉमरसेटमधल्या एका जुन्या घरात राहायला येतं. भुतं आहेत. आणि चांगली आहेत! घर या चौघांना आवडून घेतं. वाचताना आपणही सैलावतो. मग कुटुंबातली जुनी भांडणं डोकं वर काढतात आणि घर त्यात बाजू घ्यायला लागतं. यात ओळख पटवायला कुणीही पाहुणे नाहीत. 'जेगो' (१९९१) वाचलंत तर तिथेही सॉमरसेटच, एक पंथ, एक संगीत महोत्सव, आणि उन्हाळ्यात गावातल्या प्रत्येकाच्या मनातलं भय बाहेर येऊन चालायला लागतं. न्यूमनचं बालपण तिथल्याच एका खेड्यात गेलं. जमीन ओळखीची असली की माणूस नावं कमी घेतो, असा माझा अंदाज.

आणि मला स्वतःला सगळ्यात जास्त घाबरवलं ते 'लाइफ्स लॉटरी'ने (१९९९). त्यात राक्षसच नाही म्हणा ना. लहानपणीची ती 'गुहेत शिरायचं असेल तर अमुक पानावर जा' छापाची पुस्तकं आठवतात? तसंच हे, फक्त गुहेऐवजी आयुष्य. तुम्ही कीथ नावाचा माणूस आहात. पहिली निवड शाळेच्या मैदानावर: टीव्हीवरच्या 'मॅन फ्रॉम अंकल'मधल्या दोन हेरांपैकी तुझा आवडता कोणता? सोलो की कुर्याकिन? बस्. एवढ्यावरून मित्र बदलतात, शाळा बदलते, लग्न बदलतं, कधी खून होतो. मी सूचीवाली, म्हणून निवडी बाजूला ठेवून १ पासून शेवटपर्यंत सलग वाचलं. (व्यसन असतं ते.) आणि तेव्हा लक्षात आलं, की काही भाग असे आहेत ज्यांच्याकडे कुठलीच निवड तुम्हाला नेत नाही. ते सलग वाचणाऱ्यालाच सापडतात. त्यांत काय आहे ते सांगत नाही, पण त्या रात्री मी स्वयंपाकघरातला दिवा चालू ठेवून झोपले.

घुबड

+१. 'लाइफ्स लॉटरी'त माझा कीथ अकराव्या मिनिटाला मेला. दुसऱ्या खेपेला बँकेत लागला. पहिला बरा होता.

शंकेखोर

'घोस्ट स्टोरी' यादीत घेतली. भुतं भांडणात बाजू घेतात हे ऐकूनच आमचं घर आठवलं.

एक मात्र विचारतो, तळटीप. सिनेमावरच्या पुस्तकांत तुम्ही रात्रपाळींना पुढे काय द्याल? 'नाइटमेअर मूव्हीज'ची २०११ ची आवृत्ती मी सुचवतो. जुना मजकूर पहिला भाग म्हणून ठेवून त्याने पुढच्या काळाचा तेवढाच मोठा दुसरा भाग जोडलाय. तरुणपणीचा न्यूमन आणि पन्नाशीतला न्यूमन एकाच बाडात. तरुण जास्त खवट आहे. त्याचंही कारण आहे म्हणा. ते पुस्तक पहिल्यांदा आलं तेव्हा ब्रिटनमध्ये भयपटांच्या व्हिडिओ कॅसेटींवर पोलीस धाडी घालत होते, १९८४ मध्ये त्यासाठी कायदाच झाला. सरकारी वकिलांच्या यादीत एकूण ७२ सिनेमे होते. अशा दिवसांत या सिनेमांवर गंभीरपणे लिहायचं म्हणजे थोडा खवटपणा लागणारच.

तळटीप

२०११ ची आवृत्ती, मान्य. पण त्याआधी मी एक छोटंसं देईन. १९९९ मध्ये त्याने 'कॅट पीपल' या एकाच सिनेमावर एक पुस्तिका लिहिली. १९४२ चा सिनेमा, निर्माता व्हॅल ल्यूटन, दिग्दर्शक जॉक तुर्नर. पैसे नव्हते, म्हणून राक्षस जवळजवळ दाखवलाच नाही, सावल्या दाखवल्या. त्यात एक बाई रात्री एकटी चाललीय, मागे टाचांचा आवाज, मग तो आवाज थांबतो. ती वळून बघते, कुणी नाही. आणि एकदम फिस्स करून फ्रेममध्ये शिरते ती एक बस. साधी, प्रवासी बस. आज प्रत्येक भयपटात मांजर उडी मारते किंवा मित्र खांद्यावर हात ठेवतो, त्या सगळ्यांची आई ही बस. आजही या युक्तीला 'ल्यूटन बस' म्हणतात. तुमच्या वाडा-कंदीलवाल्यांना हे पटेल, शंकेखोर. आणि जो माणूस एका बसवर इतक्या प्रेमाने लिहितो, तो स्वतःच्या कादंबरीत शंभर राक्षस का घुसवतो, हे कोडं मला सुटलेलं नाही.

वाचनाची यादी हवी असेल तर 'हॉरर: हंड्रेड बेस्ट बुक्स' (१९८८), स्टीफन जोन्सबरोबर संपादलेलं. शंभर लेखकांनी एकेका आवडत्या भयपुस्तकावर लिहिलंय. रात्रपाळीला बेतशीर, एक लेख झाला की सर्व्हर बघायचा.

आणि नंतरच्या काळातली एक कादंबरी, 'समथिंग मोर दॅन नाइट' (२०२१). तीसच्या दशकातलं हॉलिवूड, आणि गुप्तहेरांची जोडी कोण, तर लेखक रेमंड चँडलर आणि नट बोरिस कार्लोफ. फ्रँकेनस्टाइनचा राक्षस झाला होता तो. खरं नाव विल्यम प्रॅट, वडील ब्रिटिश अमलात भारतात मिठाच्या महसूल खात्यात नोकरीला होते. मिठावर जगलेल्या घरातून पडद्यावरचा सगळ्यात प्रसिद्ध राक्षस निघाला. यात नावं दोनच लक्षात ठेवायची आहेत. ड्रॅक्युला जमलाच नाही तर इथून शिरा.

रात्रपाळी

सगळ्यांचे आभार. दिवसा स्टोकर पुन्हा चाळला, दार फोडायची रात्र नीट वाचली. काल कामावर मोबाइल बॅगेत, बॅग लॉकरमध्ये. 'अ‍ॅनो ड्रॅक्युला' पहिल्या पानापासून. पहाटे ४ ला १९० व्या पानावर होतो. मध्ये एक सर्व्हर बोंबलला, त्याला आधी वाचलेलं पान संपेपर्यंत थांबवलं (हे साहेबांना सांगू नका).

ताई, लुलूचा खून या वेळी हळू वाचला.

नियम एकदाच मोडला, लॉकरपर्यंत गेलो. लंडन टॉवरचा अधिकारी म्हणून एक टकला, उंदरासारख्या दातांचा, लांब नखांचा ओर्लोक आलाय. हा तोच का, तुम्ही म्हणालात त्या १९२२ च्या मूकपटातला? त्याच्यामागे काही गोष्ट आहे का, की नुसता पाहुणा?

तळटीप

तोच. 'नोस्फेराटू' काढणाऱ्यांनी स्टोकरच्या पुस्तकाचे हक्क घेतले नव्हते, फक्त नावं बदलली, ड्रॅक्युलाचा ओर्लोक केला. स्टोकर तेव्हा हयात नव्हता. त्याची बायको फ्लोरेन्स कोर्टात गेली आणि जिंकली, आणि जर्मन कोर्टाने सगळ्या प्रती नष्ट करायचा हुकूम दिला. काही प्रती तरीही वाचल्या, म्हणून आपण तो बघतो.

तर कोर्टाने जाळायला सांगितलेल्या माणसाला न्यूमनने तुरुंगाचा अधिकारी करून ठेवलंय. आणि तुम्ही १९० पर्यंत आलात म्हणजे फ्लोरेन्सबाईही भेटल्या असतील. नवरा छळछावणीत, आणि या घरी रात्रीच्या मैफली भरवतायत, रक्तपिपासूंना बोलावून. तिला वहीत कुठल्या रकान्यात घालायची, यावर मी एक अख्खी दुपार घालवली होती.